ज्वालामुखीला जाणारी महापालिकेची बोट

कोल्हापूर

लेक जपानात फुकुओकाला नोकरीला लागली तेव्हापासून तिचं एकच टुमणं होतं, "एकदा या की दोघं." सौ.ला फुजी पर्वत बघायचा होता. मला कशाचीच घाई नव्हती. मग एकदा फोनवर लेक सहज बोलून गेली, की इथून दक्षिणेला कागोशिमा नावाचं शहर आहे, त्याच्यासमोर खाडीत जिवंत ज्वालामुखी आहे, त्यावर माणसं राहतात, शेती करतात आणि तिथं जायला महापालिकेची बोट आहे.

"कुणाची?"

"महापालिकेची, पप्पा. तुमच्या केएमटीवाणी."

झालं, फुजी मागं पडला.

माझी उभी हयात केएमटीत, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेत गेली. आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. गाडी कधी सुटली, कुठं अडकली, फेरी का रद्द झाली, याच्या नोंदी करण्यात केस पिकले. रंकाळ्यावर सकाळी फिरायला आमची मंडळी जमते, तिथं बेत सांगितला तर एकजण म्हणाला, "आता रिटायर झालासा न्हवं? तिथं जाऊन बी फेऱ्याच मोजणार व्हय?" दुसऱ्यानं विचारलं, बोटीला किती वेळ लागतो. पंधरा मिनिटं म्हटल्यावर तो हसायलाच लागला. "भावा, तेवढा वेळ तर दसरा चौकात सिग्नलला जातोय."

जानेवारी होता, गुऱ्हाळं जोरात चालू होती. सौ.नं लेकीसाठी गुळाची ढेप घेतली, माझ्यासाठी कांदा-लसूण चटणीची डबी घेतली आणि दोन्ही कपड्यांच्या घड्यांत पुरून ठेवली. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबई, मग विमान. विमानात पाय आखडले, यापलीकडं त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनातून बुलेट ट्रेन पकडली, दीड तासाच्या आत कागोशिमा. अर्धी वाट बोगद्यांतच जाते, त्यामुळं "बघ, बघ" म्हणेपर्यंत बाहेरचं गाव संपलेलं असतं. ही लाईन पूर्ण झाली १२ मार्च २०११ ला, म्हणजे त्या मोठ्या भूकंप-त्सुनामीच्या दुसऱ्याच दिवशी. समारंभ सगळे रद्द केले आणि गाड्या तेवढ्या सोडल्या. हे मला लेकीनं सांगितलं आणि त्या रेल्वेबद्दल माझं मत तिथंच चांगलं झालं.

कागोशिमाची वस्ती सहा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या कोल्हापूरएवढंच शहर. पण रस्त्यातून ट्राम चालते, तीही महापालिकेचीच, आणि बऱ्याच ठिकाणी रुळांच्या मधे हिरवळ लावलेली आहे. मी ती हिरवळच बघत उभा राहिलो, सौ. दोन वेळा हाका मारून पुढं गेली.

संध्याकाळी शिरोयामा टेकडीवर गेलो. उंची जेमतेम १०७ मीटर. साईगो ताकामोरी हा इथला मोठा माणूस. सरकारविरुद्ध बंड केलं आणि १८७७ मध्ये याच टेकडीच्या परिसरात त्याचा शेवट झाला. गावात त्याचा पुतळा आहे, दुकानांत त्याच्या चेहऱ्याची बिस्किटं आहेत. पण टेकडीवर आलेलं कुणीही साईगोच्या नावानं येत नाही. सगळ्यांची तोंडं समुद्राकडं.

समोर साकुराजिमा. मधे चार किलोमीटरसुद्धा पाणी नसेल आणि पलीकडं थेट समुद्रातून १,११७ मीटर उंच डोंगर उठलेला. तीन शिखरं आहेत. सगळ्यांत उंच उत्तरेकडचं, ते गप्प असतं. उद्योग चालतो तो दक्षिणेकडच्या मिनामिदाकेचा. त्या वेळी तिथून पांढरी वाफ निघत होती, बाकी काही नाही. खाली शहरात दिवे लागत होते, बसथांब्यांवर रांगा होत्या.

तसे आपणही ज्वालामुखीचेच रहिवासी. पन्हाळा, जोतिबा, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, सगळा लाव्हाच. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवला, म्हणून आपण त्यावर निवांत देवळं आणि किल्ले बांधले. इथल्या माणसांनी निवायची वाट बघितलेली नाही.

रात्री हॉटेलात टीव्हीवर हवामान लागलं. तापमान झालं, पाऊस झाला आणि मग निवेदिकेनं साकुराजिमाच्या नकाशावर एक बाण दाखवला. डोंगरावरचा वारा उद्या कुठल्या दिशेनं वाहणार, ते. लेक म्हणाली, हिवाळ्यात वारा वायव्येचा असतो, राख पलीकडं ओसुमी द्वीपकल्पावर जाते. उन्हाळ्यात वारा फिरला की शहरावर येते. मग कुणी कपडे बाहेर वाळत घालत नाही. मला एकदम जुलै-ऑगस्टमधलं आपलं घर दिसलं. सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी "राजाराम बंधारा किती?" तिथं पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं पाचवीतलं पोरगंही सांगेल. तसा इथं बाण.

शुक्रवार

ट्रामनं मत्स्यालयाच्या थांब्यावर उतरलो. तिथून चालत फेरीचं टर्मिनल. जिना चढलो, लांबलचक पूल ओलांडला आणि समोर बोटीचं दार. वाटेत तिकिटाची खिडकी नाही, गेट नाही, कुणी "तिकीट?" म्हणत नाही. कंडक्टरकी केलेल्या माणसाचा पाय अशा वेळी पुढं पडत नाही.

"पप्पा, चला. पैसे तिकडं द्यायचे."

"आणि येताना?"

"येताना पण तिकडंच. चढायच्या आधी."

म्हणजे वसुली एकाच टोकाला, साकुराजिमाच्या बाजूला. जाताना उतरल्यावर, येताना चढण्यापूर्वी. कुठल्याही फेरीचं एक टोक तिथं असणारच, त्यामुळं सुटणार कुणी नाही आणि माणसं लागतात निम्मी. इतकी साधी गोष्ट! आमच्या खात्यात कुणी हे सुचवलं असतं तर बसमध्ये ते जमलं नसतं, कारण बसला मधे थांबे असतात. पण तरी तास-दोन तास त्यावर चर्चा नक्की झाली असती.

बोट मोठी आहे, पोटात गाड्या आणि वर माणसं. तिला पुढचं-मागचं असं काही नाही. दोन्ही टोकांना सुकाणूची केबिन, दोन्ही टोकांना गाड्यांचा उतार. गाड्या या तोंडानं शिरतात, पलीकडं त्या तोंडानं सरळ बाहेर. बोट वळवायचीच नाही, गाडी रिव्हर्स घ्यायची नाही. स्टँडवर बस मागं घेताना शिट्टी मारत उभ्या राहिलेल्या माणसालाच कळेल, यात दर फेरीला किती मिनिटं वाचतात. आपल्याकडं दाभोळ-धोपावे फेरीत मी गाडी चढवलेली आहे, तिथं खलाशी आणि ड्रायव्हर यांची जी जुगलबंदी चालते ती ऐकायला मजा येते. इथं सगळं मुक्यानं. हेल्मेट घातलेला खलाशी दोन हातांनी अंतर दाखवत होता, आणखी वीतभर, आणखी वीतभर, बस. गाडी थांबली की चाकाखाली ठोकळा सारायचा आणि पुढच्या गाडीकडं वळायचं. वरच्या कठड्यावरून मी ते चढवणं शेवटच्या टेम्पोपर्यंत बघितलं.

बोट सुटल्याचं कळतही नाही. धक्का नाही, भोंग्याचा गाजावाजा नाही. खाली बघितलं तर निम्म्या गाड्यांतली माणसं बाहेरच आली नव्हती. सीट मागं टाकून चक्क झोपली होती.

वरच्या मजल्यावर एक छोटं दुकान आहे, उदोनचं. जाड्या शेवया, गरम रस्सा, वर कांद्याची पात. पंधरा मिनिटांची फेरी आणि त्यात जेवण! पण लोक रांगेनं घेत होते आणि उभ्या उभ्या ओढत होते. वाडगं हातात पडायला मिनिटही लागलं नाही. रस्सा माशाचा, त्यामुळं सौ.नं शुक्रवार म्हणून हात लावला नाही. पण कोटाच्या खिशातून चटणीची डबी मात्र काढून दिली. चिमूटभर टाकली, नाकाला वास गेला, आणि शेजारचा कामगार वळून वाडग्याकडं बघायला लागला. लेक हळूच म्हणाली, "पप्पा, बंद करा ती डबी." पांढऱ्या रश्श्याची सर नाही, पण थंडीत, समुद्रावर, वाईट अजिबात नाही.

अर्ध्यावर आलो असू. सौ.नं माझा दंड धरला. "अहो, ते बघा."

मिनामिदाकेच्या डोक्यावर करड्या रंगाचा एक गोळा वर येत होता. फुगत फुगत वर चढला, मग वाऱ्यानं त्याची मान पलीकडं वाकवली आणि तो ओसुमीच्या दिशेनं लांबत गेला. टीव्हीवरचा बाण अगदी बरोबर. आवाज नंतर आला, फार मोठा नाही, लांब कुठंतरी सुरुंग लावल्याचा. आम्ही तिघं आणि एक कोरियन जोडपं कठड्याला चिकटलो, मोबाईल वर केले. आणि बाकीची बोट? उदोनवाली बाई पुढचं वाडगं भरत होती. माझ्या शेजारचा कामगार रस्सा संपवत होता. खाली गाडीत झोपलेले झोपलेलेच. ज्वालामुखीपेक्षा मला त्या बोटीचंच जास्त नवल वाटलं.

साकुराजिमाला उतरून पैसे दिले. बंदरापासून बेटावर गोल फिरवणारी बस आहे, तासाभराची. ती घेऊन युनोहिरा या जागी गेलो. ३७३ मीटर. सामान्य माणसाला यापेक्षा वर जाता येत नाही, कारण विवरांपासून दोन किलोमीटरच्या आत प्रवेशबंदी आहे. इथून डोंगराच्या कुशीतल्या घळी स्वच्छ दिसतात. झाड नाही, गवत नाही, नुसत्या राखेच्या सुरकुत्या. वळून बघितलं की खाली खाडी, पलीकडं शहर आणि मधे आपली बोट, पांढरी रेघ ओढत चाललेली. तिची जोडीदार समोरून येत होती. दोघींनी बरोबर मधे एकमेकींना ओलांडलं. वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाला हे दृश्य ज्वालामुखीइतकंच आवडेल.

तिथल्या फलकांवर एक गोष्ट कळली, त्यानं माझा नकाशाच बदलला. आपण म्हणतो डोंगर ज्वालामुखी आणि खाडी म्हणजे समुद्र. तसं नाही. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी इथं एक प्रचंड स्फोट झाला, जमीन खचून भलं मोठं कुंड तयार झालं आणि त्यात समुद्र शिरला. खाडीचा उत्तरेकडचा भाग म्हणजे ते कुंड, आयरा त्याचं नाव. साकुराजिमा नंतर त्याच्या दक्षिण काठावर वर आला. थोडक्यात, मघाशी आम्ही उदोन खात होतो ते मोठ्या ज्वालामुखीच्या उंबऱ्यावर.

रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर काँक्रीटच्या जाड छपराच्या चौक्या दिसत राहतात. दगड पडायला लागले तर पळत जाऊन थांबायचं. मी आधी बसथांबे समजलो. बेटावरची शाळकरी पोरं हेल्मेट घालून शाळेत जातात. आणि २४ जुलै २०२२ ला स्फोटातले दगड विवरापासून अडीच किलोमीटरपर्यंत गेले, तेव्हा इशारा सगळ्यांत वरच्या पाचव्या पायरीवर नेला होता. जवळच्या घरांतली माणसं हलवली, काही दिवसांनी परत आणली.

बंदराजवळच्या विक्री केंद्रात साकुराजिमाचे मुळे होते. मुळा म्हणजे आपला लांबुडका नव्हे, मोठ्या कलिंगडाएवढा गोल गरगरीत. २००३ मध्ये यातला एक ३१.१ किलो भरला, तो तेव्हा जगात सगळ्यांत जड मुळा म्हणून नोंदवला गेला. शेजारीच बेटाची छोटी संत्री, लिंबाएवढी. एकाच मातीत हे दोन्ही! सौ.नं मुळ्यावर हात ठेवून भाव विचारला, मग कोशिंबीर किती होईल याचा हिशोब केला, आणि अखेर संत्री घेतली. उपवासाला चालली ती.

जवळच समुद्रकाठच्या बागेत गरम पाण्याचा पाट आहे, शंभर मीटर लांब. पाय सोडून बसायचं, फुकट. पाणी डोंगरानं तापवलेलं. शेजारी दोन म्हाताऱ्या गप्पा मारत होत्या, त्यांच्या पिशव्यांत कोथिंबिरीसारखं काहीतरी. आम्ही तासभर बसलो. सौ.चे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत, हे तिनं स्वतः सांगितलं.

परतीच्या बोटीत गणवेशातली पोरं होती, वह्या काढून गृहपाठ उरकत होती. इथं मला या बोटीचा इतिहास सांगायलाच हवा. १९३४ मध्ये ही सुरू केली ती बेटावरच्या एका गावानं. कंपनीनं नाही, सरकारनं नाही, ग्रामपंचायतीनं म्हणा ना. पुढं गावाचं नगर झालं आणि २००४ मध्ये ते कागोशिमात विलीन झालं, तेव्हा बोटी शहराकडं आल्या. आज महापालिकेत पाण्याचा, ट्रामचा तसा बोटींचा वेगळा विभाग आहे. बोट रात्रीही चालते. रात्री अडीचला कोण जात असेल? फार कुणी नाही. पण डोंगराला घड्याळ नसतं.

दरवर्षी १२ जानेवारीच्या सुमाराला इथं माणसं बेटावरून हलवायची मोठी तालीम होते. आम्ही जायच्या थोडंच आधी ती होऊन गेली होती. बेटाच्या काठाकाठानं लहान लहान धक्के बांधून ठेवलेत, ते मासेमारीपेक्षा माणसं उचलण्यासाठी. परिवहनाच्या नोकरीत मी एक वाक्य आयुष्यभर ऐकलं, "ही फेरी परवडत नाही." रिकामी गाडी कशाला पळवता? कागदावर ते खरं असतं. पण संकटाच्या दिवशी गाडी तीच निघते जी आदल्या दिवशीही निघाली होती. ज्या खलाशाला अंधारात, राखेत तो धक्का गाठायचा आहे, त्यानं तो काल रात्री दोन माणसं घेऊन गाठलेला असावा लागतो. हे नफा-तोट्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला नोकरीत कधी जमलं नाही.

शनिवार

लेकीनं भाड्यानं गाडी घेतली. आज पोटातून प्रवास. खलाशानं वीतभर-वीतभर करत आम्हाला एका ट्रकच्या मागं बसवलं, ठोकळा सारला. आज मीही वर गेलो नाही, ट्रकवाला काय करतो ते बघितलं. झोपला.

आधी कारासुजिमा. इथं बेटापासून पाचशे मीटर समुद्रात एक चिमुकलं बेट होतं. १९१४ चा लाव्हा आला आणि ते बेट त्याखाली गडप झालं. आता तिथं जमीन आहे, पाइनची झाडं आहेत आणि एक दगड, इथं बेट होतं असं सांगणारा.

१२ जानेवारी १९१४ ची ही हकीकत बेटावर पावलोपावली भेटते. आधीचे काही दिवस धरणीकंप चालू होते, विहिरींचं पाणी बदललं होतं. लोकांनी शहरातल्या वेधशाळेला विचारलं, पुन्हा विचारलं. उत्तर आलं, साकुराजिमाला धोका नाही. ज्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला ते होड्यांनी आधीच निघून गेले. ज्यांनी वेधशाळेवर ठेवला ते मागं राहिले. सकाळी डोंगर दोन्ही बाजूंनी फुटला आणि काही जण जानेवारीच्या पाण्यात पोहून जाताना बुडाले. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, गावानं शाळेच्या आवारात दगड उभा केला. त्यावर कोरलंय ते असं, की रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबून राहू नये, काही वेगळं जाणवलं की आधीच निघायची तयारी करावी.

लेकीनं हे वाचून दाखवल्यावर मी जरा गप्प झालो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आपल्याकडं उलट बाजूनं हेच झालं होतं. "२००५ ला इथवर आलं नव्हतं," असं म्हणत कितीतरी घरं बसून राहिली. २००५ ची खूण भिंतीवर होती ना! पाणी त्या खुणेच्या वर गेलं. नदीकाठच्या चिखली, आंबेवाडीची माणसं दर वेळी जनावरं सोडून निघायला का कचरतात, ते मला कळतं. गोठा सोडणं म्हणजे काय, ते वेधशाळेला विचारून ठरत नाही. कागोशिमावाल्यांनी त्या दगडानंतर शास्त्र सोडलं असं मात्र नाही. क्योतो विद्यापीठाचं केंद्र या डोंगरावर कायम नजर ठेवून असतं. डोंगर किती फुगला, ते मोजतं. ऑगस्ट २०१५ मध्ये तो अचानक फुगला म्हणून इशारा चढवला, माणसं हलवली. मोठं काही झालं नाही, तेव्हा परत आणली. १९१४ ला जेवढा मॅग्मा बाहेर पडला त्यातला बराचसा पुन्हा खाली साठत आला आहे, असं तिथले शास्त्रज्ञ सांगतात.

पुढं पूर्वेकडं कुरोकामी. देवळाची तोरी, म्हणजे कमान, मूळची तीन मीटर उंच. एका दिवसात राख आणि दगडगोट्यांनी गाव भरलं, कमानीचं वरचं मीटरभर तेवढं उरलं. गावकरी ती उकरून काढायला निघाले, तेव्हा गावच्या प्रमुखानं अडवलं. पुढच्या पिढ्यांना दिसू दे, म्हणाला. त्यामुळं आज तुम्ही कमानीसमोर उभे राहता आणि तिची आडवी तुळई तुमच्या कमरेशी येते. सौ.नं चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. वाकल्याशिवाय गत्यंतरच नाही. आजूबाजूला झाडी माजलेली आहे, माती अगदी साधी दिसते. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत, तिच्याखाली दोन मीटरवर अंगण आहे, ही गोष्ट पायाला समजत नाही.

वाटेत एका स्मशानभूमीत प्रत्येक थडग्यावर छप्पर होतं. चार खांब, वर कौलारू किंवा पत्र्याचं. राख पडू नये म्हणून. आत ताजी फुलं. राख रोज पडते म्हणून फुलं वाहणं कमी झालेलं नाही.

आणि मग आम्ही स्वतःच राखेत शिरलो. वारा इकडचाच होता. काचेवर आधी बारीक काळे कण, मग टपटप सुरू. मी सवयीनं म्हटलं, "वायपर लाव." लेक ओरडली, "नको!" ही चुलीतली मऊ राख नव्हे, दगडाची आणि काचेची पूड आहे. कोरडा वायपर फिरवला की काच ओरखडलीच. आधी पाणी मारायचं, मग हळू वायपर. थांबलो तिथं मी बोनेटवरून थोडी बोटावर घेतली. रांगोळीपेक्षा खरखरीत, चोळली की कातडीला टोचते. जिभेवर पण आली होती, दाताखाली कचकच. घरोघरी दारात पिवळ्या पिशव्या दिसल्या. महापालिका त्या फुकट देते. अंगणातली राख झाडायची, पिशवीत भरायची आणि ठरलेल्या जागी ठेवायची. गाडी येऊन उचलते, कचऱ्याची वेगळी, राखेची वेगळी.

साकुराजिमा नावापुरतंच बेट उरलंय. पूर्वेला मधे चारशे मीटर रुंदीची सामुद्रधुनी होती, ती १९१४ च्या लाव्हानं बुजवली. आता तिथून गाडी सरळ ओसुमी द्वीपकल्पावर जाते. म्हणजे पूर्वेकडून जमिनीनं जाता येतं, पण शहर पश्चिमेला. खाडीला वळसा घालून यायचं तर बराच वेळ मोडतो. म्हणून बोट काही सुटली नाही.

परत येताना ओसुमीवरच्या तारुमिझूहून दुसरी फेरी घेतली. ही थेट शहराच्या दक्षिणेला कामोइकेला जाते, पाऊण तास लागतो. हिच्यावरही उदोन मिळतं. शनिवार असल्यानं सौ.चा अडसर नव्हता, म्हणून तिनं पहिल्यांदा चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." डबी निघाली. या बोटीवर पर्यटक जवळजवळ नव्हते. खिडकीतून साकुराजिमाची दक्षिण बाजू दिसते, सगळी लाव्ह्याची काळी पसरण. शहरातून दिसतो तो डोंगर देखणा, इकडून तो आहे तसा दिसतो. वेळ असेल त्यानं दोन्ही फेऱ्या कराव्यात. एकच करायची तर साकुराजिमाचीच, आणि शक्यतो कामावर जाण्याच्या वेळेची.

रविवार

सकाळी सेंगान-एन बाग. शिमाझू घराण्यानं १६५८ मध्ये वसवली. तळ्याऐवजी खाडी आणि टेकडीऐवजी साकुराजिमा, असा मामला. आवारातच त्यांच्या एका वंशजानं एकोणिसाव्या शतकात भट्ट्या, तोफा, काचकारखाना उभा केला होता. १८६३ मध्ये इंग्रजांच्या आरमारानं या शहरावर तोफा डागल्या, त्यातून हे लोक काय शिकले? त्याच इंग्रजांकडून सूतगिरणीची यंत्रं आणली. मला आपली शाहू मिल आठवली, १९०६ ची. बाग सुंदर आहे, गर्दीही तेवढीच.

गाडी दुपारची होती. सौ. स्टेशनजवळ खरेदीत रमली. मी लेकीला म्हटलं, "एक फेरी मारून येऊ."

"कंडक्टरसाहेब," ती म्हणाली, "चला."

पलीकडं उतरून पैसे दिले आणि परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर उभे राहिलो. बोट लागायला वेळ होता. परवाचा तो हेल्मेटवाला खलाशी उतारापाशी उभा होता. त्यानंच आम्हाला ओळखलं, बहुतेक कठड्यावरून मी जे टक लावून बघत होतो त्यामुळं. लेकीनं सांगितलं, की हे आमच्या गावच्या महापालिकेच्या बसमध्ये होते. त्यानं हातमोजे काढून वाकून नमस्कार केला. मग त्यानं जे विचारलं ते भाषांतराविनाच कळलं, कारण अंगठा खाली करून विचारलं. तोट्यात? मी म्हटलं, "तर!" दोघंही हसलो.

मग त्यानं विचारलं, तुमच्या गावाजवळ असा डोंगर आहे का. मी म्हटलं, डोंगर थंड आहेत, आमच्याकडं नदी आहे. कशी नदी, म्हणून मोबाईलमध्ये ऑगस्ट २०१९ चे फोटो शोधले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, ट्रकांच्या मैलभर रांगा. घरांच्या पहिल्या मजल्याशी लागलेली बोट, तीत एक आजी आणि शेळी. त्यानं फोटो मोठा करून बघितला. शहरात? हो. दरवर्षी? दरवर्षी एवढं नाही, पण नदी पात्राबाहेर येतेच.

तो माझ्याकडं बघत लेकीशी काहीतरी बोलला. त्याच्या मागं मिनामिदाके धूर सोडत होता. लेकीला हसू आवरेना.

"पप्पा, ते विचारतायत, असल्या ठिकाणी तुम्ही राहता कसे?"

मी काही बोलायच्या आत उतार खाली आला आणि तो ठोकळे काढायला पळाला.